बारा पोती, एकच दाणा

"गादी, झोपलास तू!"

"नाही."

"डोळे मिटलेत तुझे!"

"डोळ्यांना सुट्टी दिलीय. मी आतून जागा आहे."

आतून जागा असलेल्या गादीच्या हातातला चिमटा सुटला, टेबलावरून घरंगळत खाली गेला आणि मागोमाग त्याचं डोकं समोरच्या लाकडी पाटीवर टेकलं. दोन मिनिटांनी ते वर आलं तेव्हा कपाळाला एरंडाचे तीन दाणे चिकटलेले होते.

"शंभरातले तीन तुझ्या कपाळावर आहेत," टाचणी म्हणाली. "सत्त्याण्णव लिहू का?"

एरवी स्वतःच्या या विनोदावर ती स्वतःच पोट धरून हसली असती. पण आज सहावा दिवस होता. सहा दिवस एरंड मोजल्यावर माणसाचं हसूसुद्धा दमतं. छतावरचा पंखा तेवढा कुरकुरत होता, आणि त्याचंही म्हणणं बहुतेक हेच होतं की, पुरे करा आता!

खरं तर सुट्टीचा बेत केवढा झकास होता! टाचणी आणि तिचा धाकटा भाऊ काका महिनाभर आत्याकडे राहणार. आतेभाऊ गादीबरोबर पोहणार, सायकली हाणणार, दुपारभर पत्ते कुटणार. आता काका म्हणजे कुणाचा काका नव्हे हं! वय वर्षं सात. दिवसभर 'का? का?' करतो म्हणून काका. टाचणी बारीक आणि टोचरी म्हणून टाचणी. आणि गादीला गादी का म्हणतात, ते तुम्ही आत्ताच पाहिलंत.

पण आत्या पडली तेलबियांच्या संशोधन केंद्रात कामाला. गेली तीन वर्षं ती एरंडाच्या मागे हात धुऊन लागली होती. एरंड कुणी लावायची वाट बघत नाही. नदीकाठी, वाळूत, कचऱ्याच्या मैदानात, जागा दिसेल तिथे उभा राहतो. अशा बारा जागा हिंडून आत्यानं बारा पोती बी गोळा केलं. बाराव्या जागी, म्हणजे रेल्वेच्या भरावावर, तिचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लास्टर चढलं. आता एका हातानं मोजणार कोण?

"तुम्ही तिघं रिकामेच आहात ना!" आत्या म्हणाली. संपली सुट्टी!

काम ऐकायला सोपं. एका पोत्यातले शंभर दाणे घ्यायचे, काट्यावर ठेवायचे, वजन लिहायचं. असं प्रत्येक पोत्याचं दहा वेळा. एका जागचा एरंड बारीक दाणा धरतो, दुसऱ्या जागचा टपोरा. कुठला किती, ते शंभर दाण्यांच्या वजनावरून कळतं. मोजायला ती लाकडी पाटी होती. तिला शंभर खळगे. पाटी दाण्यांत बुडवायची, वर काढून हलवायची, प्रत्येक खळग्यात एकेक दाणा बसला की झाले शंभर. एरंडाचं बी विषारी, चुकून चावलं तर सरळ दवाखाना. म्हणून हातात रबरी मोजे, मोज्यांत घामाची तळी, आणि दर तासाला साबणानं हात धुणं. धुऊन धुऊन काकाची बोटं पार सुरकुतली होती.

"शेवटच्या पोत्यातले शेवटचे शंभर," टाचणी म्हणाली आणि दाणे काट्यावर ओतले. "तेहतीस ग्रॅम."

"परत तेहतीस? या एरंडाला दुसरा आकडा येत नाही का?"

"परवा बत्तीस आले होते की."

"आणि एकदा चौतीस," काका म्हणाला. "का?"

टाचणीनं कागदावर तेहतीस लिहून टाकलं.

तेवढ्यात आत्या आली. ती सकाळपासून एका बोटानं अहवाल टाइप करत होती. तिनं कागद उचलला, वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून स्टुलावर बसली.

"बाराच्या बारा पोत्यांचं वजन सारखं?"

"हो. बत्तीस ते चौतीसच्या मध्ये सगळं," टाचणी म्हणाली. शाबासकी कुठल्या बाजूनं येतेय, ते ती बघत होती.

"हे बघा," आत्या हळूच म्हणाली, "आज मला ओरडायचीसुद्धा ताकद नाही. नुसतं खरं सांगा. मोजले किती आणि मनानंच ठोकून दिले किती?"

टाचणीला कानाखाली बसल्यासारखं झालं. "आत्या! डोळ्यांत तेल घालून मोजलेत आम्ही!"

आत्यानं गादीकडे पाहिलं. शेवटी ती त्याची आई होती.

"एक," गादी जमिनीकडे बघत म्हणाला. "तिसऱ्या दिवशी, दुपारी. तेहतीस ठोकलं. पण आई, मग मला कसंतरी व्हायला लागलं म्हणून खरंच मोजलं, तर तेहतीसच आलं! ठोकण्यातसुद्धा मजा राहिली नाही."

"ऐका," आत्या म्हणाली. "कचऱ्याच्या मैदानातला दाणा मी या हातानं तोडलाय. करंगळीच्या नखाएवढा होता. नदीकाठचा अंगठ्याच्या नखाएवढा. दोघांचे शंभर दाणे तेहतीस ग्रॅमच भरतात म्हणे! हे कोण मानेल? परवा शनिवारी समिती येतेय, कुणाचं काम चालू ठेवायचं ते ठरवायला. साहेब आधीच माझ्या मागे लागलेत, एरंड तो एरंड, बारा पोती कशाला, एकात ओता आणि खोली रिकामी करा. हा कागद दाखवला तर त्यांचंच खरं. नाही दाखवला तर माझ्याकडे दाखवायला दुसरं आहेच काय?"

ती उठली. "जा, खेळा तुम्ही. तुमची चूक नाही. पोरांना कामाला जुंपणारी मीच."

आणि ती साहेबांच्या केबिनकडे निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं!

"पोहायला जायचं?" गादीनं जरा वेळानं विचारलं.

"गप रे."

"आत्या तर म्हणाली खेळा."

"ती आपल्याला खोटारडे समजतेय, आणि तुला पोहायचंय!" टाचणीनं मोजे काढून आपटले. खरं म्हणजे तिलाही कुठेतरी जाऊन आडवं पडावंसं वाटत होतं. आकडे गेले खड्ड्यात. पण खोटारडे म्हणवून घेऊन आडवं पडलं तर झोप लागते का? गादीला लागते, तो भाग वेगळा.

काका जमिनीवर पडलेला चिमटा उचलून त्यानं पाठ खाजवत होता.

"ताई, हा चिमटा आत्यानं कशाला दिला होता?"

"खळग्यात दोन दाणे बसले तर एक काढायला. आठवत नाही? पहिल्याच दिवशी म्हणाली ती. बारीक दाणे दोन-दोन घुसतील ते चिमट्यानं काढा, आणि फार जाड असतील ते खळग्यात बसणारच नाहीत, ते हातानं मो..."

टाचणी बोलता बोलता थांबली.

"गादी, सहा दिवसांत तू हा चिमटा किती वेळा वापरलास?"

"पाठीला? पुष्कळदा."

"दाण्याला!"

गादीनं विचार केला. "एकदाही नाही."

"मीपण नाही. एकही दाणा हातानं मोजावा लागला नाही. बारा जागांचे दाणे आणि सगळे या खळग्यांत मापानं शिवल्यासारखे बसतात! असं कसं होईल?"

"का?" काका आनंदानं ओरडला. त्याचा प्रश्न पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी विचारला होता.

"चला, पोती बघू."

सहा दिवसांत त्यांनी पोती पाहिलीच नव्हती. रोज सकाळी भांडारवाले मामा डब्यांमधून दाणे आणून द्यायचे. भांडार अंगणापलीकडे होतं. अंगण चाळीसच पावलांचं, पण दुपारी तीनच्या उन्हात ते काही केल्या संपेना.

आत थंड आणि अंधारं होतं. बारा पोती भिंतीशी ओळीनं उभी होती. म्हणजे काही उभी होती, काही बसली होती, आणि एकानं तर चक्क लोटांगण घातलं होतं! प्रत्येकावर आत्याच्या अक्षरातली चिठ्ठी. जागेचं नाव, आणि खाली 'दहा किलो'.

गादीनं 'कचऱ्याचं मैदान' लिहिलेलं पोतं एका हातानं उचललं. "हे दहा किलो? माझं दप्तर याच्याहून जड असतं!"

"नदीकाठचंही रिकामं झालंय," टाचणी म्हणाली. "मधली दोनतीन तेवढी भरलेली आहेत. कुणीतरी काढलंय यातलं."

"चोर?" काकाचे डोळे लकाकले.

"एरंड कोण चोरतं, वेड्या!"

"कोण आहे रे तिकडे?" मागून आवाज आला. भांडारवाले मामा! इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचा रुमाल, आणि चेहऱ्यावर पस्तीस वर्षांच्या नोकरीचा कंटाळा. मामांच्या भांडारात झाडूसुद्धा खिळ्यावर सरळ रेषेत टांगलेला असायचा.

'पोती का रिकामी?' असं विचारलं असतं तर मामांनी कानांवर हात ठेवले असते. टाचणी तेवढी कच्ची नव्हती!

"मामा, किती हो स्वच्छ ठेवलीयत ही पोती! एक काडी नाही, एक सालपट नाही. आम्ही सहा दिवस मोजतोय, दाणा कसा एकसारखा!"

मामा जरा सरळ झाले. बऱ्याच दिवसांत त्यांचं असं कौतुक कुणी केलं नसावं. "मग? तुझ्या आत्यानं आणलं तेव्हा बघायला हवं होतंस. एक दाणा एवढा, एक दाणा तेवढा. नुसता बाजार! साहेब म्हणाले, समिती येतेय, सगळं चकाचक करा. दोन आठवड्यांपूर्वी एकेक पोतं खडखड्यातून काढलं मी."

खडखड्या म्हणजे कोपऱ्यातलं चाळणीचं यंत्र. वरच्या चाळणीवर जाड दाणे अडकायचे, खालच्या चाळणीतून बारीक गळून जायचे, आणि मधला तेवढा पोत्यात पडायचा. जाड आणि बारीक दोन पन्हळींतून घसरून दोन पिंपांत. ती पिंपं अजून तिथेच उभी होती.

"बारीक दाणे का काढले?" काकानं विचारलं.

"कारण बारीक दाणा वाईट."

"का?"

"पेरणीच्या बियाण्याचा नियम आहे."

"मग जाड का काढले?"

"तोच नियम. दाणा एकसारखा हवा."

"का?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मामांना पडलाच नव्हता.

"मामा," टाचणीला राहवेना, "हे पेरायचं बियाणं नाहीये! कुठला दाणा बारीक आणि कुठला जाड, हेच तर आत्याला मोजायचं होतं! तुम्ही बाराही पोत्यांमधून तेच काढून टाकलंत!"

मामांनी घडी केलेला रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि रुमालाची पुन्हा घडी घालायलाच विसरले. तेव्हा टाचणीला कळलं की त्यांनाही कळलंय.

"चार महिने राहिलेत माझ्या निवृत्तीला," ते बारीक आवाजात म्हणाले. "पस्तीस वर्षांत एक ठपका नाही." मग त्यांनी घड्याळात पाहिलं. "चार वाजता तेलगिरणीचा ट्रक येतो टाकाऊ माल न्यायला. पिंपं जातील. जाऊ देत. झालं ते झालं. उद्या बोलू, हं बाळांनो? मी दमलोय."

"पण गिरणीत याचं तेल काढतील! मग आत्याला हे दाणे कधीच परत मिळणार नाहीत!"

बाहेर हॉर्न वाजला. मेला ट्रक पाऊण तास आधीच आला होता!

मामा बाहेर गेले. टाचणीनं दोघांना जवळ ओढलं.

"मी आत्याला आणते. तोवर पिंपं हलता कामा नयेत. काका, तू ड्रायव्हरला प्रश्न विचार."

"कुठले?"

"सगळे! आणि गादी, तुला जगात सगळ्यात चांगलं काय येतं?"

"ते आत्ता कशाला?"

"पिंपं न्यायला एकच हातगाडी आहे. तिच्यावर जाऊन ते कर!"

गादीच्या चेहऱ्यावर सहा दिवसांत पहिल्यांदा तेज आलं.

साहेबांच्या केबिनचं दार बंद होतं. टाचणीनं टकटक केली आणि 'या' ऐकायची वाट न बघता आत घुसली. हातात लाकडी पाटी आणि दाण्यांचा डबा. आत्या खुर्चीत बसली होती, आणि समोर साहेब बोटांनी टेबल वाजवत होते.

"...अहो बाई, एरंडाचं गुऱ्हाळ किती चालवायचं? एका पोत्यात ओता आणि मोकळ्या व्हा. अरे! ही मुलगी आत कशी आली?"

"दारानं," टाचणी म्हणाली आणि पाटी टेबलावर ठेवून तिच्यावर डबा ओतला. दाणे साहेबांच्या फायलींवर, पेनांवर, पाण्याच्या पेल्याशेजारी उड्या मारत गेले. तिनं पाटी हलवली. शंभर खळगे, शंभर दाणे.

"हे कचऱ्याच्या मैदानातले आहेत, आत्या. करंगळीच्या नखाएवढे. तूच म्हणालीस ना? बघ, खळग्यात दोन बसलेत का कुठे? नदीकाठचेही असेच बसतात. आम्ही एकही ठोकला नाही. पोत्यातच हे एवढेच दाणे उरलेत! बाकीचे खडखड्यातून काढून पिंपांत टाकले, समितीसाठी चकाचक करायला. आणि पिंपं न्यायला ट्रक आलाय!"

आत्यानं एक दाणा उचलला आणि करंगळीच्या नखावर ठेवला. दाणा नखाबाहेर दोन्हीकडून डोकावत होता. तिनं सावकाश मान वर केली आणि साहेबांकडे पाहिलं.

"चकाचक करा असं..." साहेब चाचरले, "मी फरशीबद्दल म्हणालो होतो."

आत्या उठली. सहा दिवस पाय ओढत चालणारी आत्या प्लास्टरचा हात छातीशी धरून अशी निघाली की टाचणीला मागे धावावं लागलं. साहेबही आले. भर उन्हात, टोपी न घालता!

भांडाराच्या दारातलं दृश्य बघण्यासारखं होतं. ट्रकचा ड्रायव्हर पायरीवर बसला होता आणि काका त्याच्या शेजारी.

"मग तेल काढल्यावर जो चोथा उरतो तो गाईला का नाही देत?"

"विषारी असतो म्हणून."

"मग तेल विषारी का नाही?"

"बाबा रे," ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "पहाटे चारपासून गाडी चालवतोय मी. मी गाडी चालवतो! गिरणी नाही चालवत!"

"का?"

आत हातगाडीवर गादी हातपाय पसरून घोरत होता. मामा दांडा धरून त्याला हलवत होते. "ऊठ रे राजा! ऊठ ना रे!" राजा ढिम्म. ते नाटक नव्हतं. गादीनं कामात कधी लबाडी केली असेल, झोपेत नाही!

मामांनी आत्याला पाहिलं आणि दांडा सोडून दिला.

आत्या पिंपावर वाकली. एकात बारीक दाणे, एकात जाड. वाकलेली ती तशीच थांबली. मग तिचे खांदे पडले.

"बारा जागांचं सगळं एकात एक," ती म्हणाली. "संपलं. तीन वर्षं गेली."

टाचणीही पिंपात बघत राहिली. सहा दिवस हेच दाणे बघून तिला त्यांचा वीट आला होता. स्वप्नातही हेच यायचे. हे वरचे लालसर, पांढऱ्या बारीक रेघांचे. हे कुठेही ओळखता आले असते. रेल्वेच्या भरावाचे. आणि कडेला जिथे पन्हळीचा धक्का लागून थोडे खाली सरकलेत, तिथून डोकावतायत ते राखाडी, तपकिरी ठिपक्यांचे. ते वाळूतले.

"आत्या, वर सगळे लालसरच आहेत. फक्त लालसर."

"मग?"

"मग मिसळलेत कुठे? एकेक पोतं काढलं ना मामांनी? शेवटचं सगळ्यात वर, त्याच्या आधीचं त्याच्या खाली! पिंप कुणी हलवलंच नाहीये. थरावर थर आहेत नुसते!"

आत्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे. "पण थर कुठे संपतो ते कसं कळणार? चार जागांचे दाणे दिसायला सारखेच आहेत. कुठल्या पोत्यातून किती गळलं, याची नोंद असती तर..."

सगळे मामांकडे वळले. मामा भिंतीकडे बघत होते. 'नोंद नाही' एवढे दोनच शब्द बोलले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. टाचणीला ते कळत होतं, आणि मामांनाही.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही झाडूसुद्धा सरळ रेषेत टांगता. तुम्ही लिहून ठेवलं नसेल, हे मला खरं वाटणार नाही."

मामा आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात निळी वही होती. पान उघडून त्यांनी ती आत्यापुढे धरली. बारा ओळी, लाल शाईनं आखलेल्या. कुठलं पोतं कितवं, किती घातलं, बारीक किती गळलं, जाड किती निघालं. अगदी ग्रॅमपर्यंत!

"बाई, माझं चुकलं," ते म्हणाले. "आधी घाण करताना चुकलं, आणि आत्ता ट्रकला घाई करताना तर जास्तच."

"घाण नाही केलीत, मामा," आत्या म्हणाली. "फार स्वच्छ केलंत, तिथेच घोटाळा झाला." आणि ती हसली. दमलेलंच हसली, पण हसली.

मग जे काम निघालं ते विचारू नका! पत्र्याच्या मगानं वरचा थर हलक्या हातानं उचलायचा, काट्यावर ठेवायचा, वहीतला आकडा भरत आला की थांबायचं. दोन थरांच्या सीमेवरचे मिसळलेले दाणे बाजूला फेकायचे, मग पुढचा थर. काकाला पिंपाचा तळ गाठायला स्टूल लागलं. गादीला हातगाडीवरून ढकलून उठवला आणि त्याच्या हातात मग दिला. ड्रायव्हरसुद्धा जाईना. "आता शेवट बघूनच जातो," म्हणाला आणि दिवा धरून उभा राहिला. संध्याकाळी सहाला बाराही पोत्यांत आपापले बारीक, मधले आणि जाड दाणे परत गेले, आणि दहा किलोच्या चिठ्ठ्या पुन्हा जवळजवळ खऱ्या झाल्या.

काका जमिनीवर बसकण मारून म्हणाला, "झालं ना आता?"

आत्यानं निळी वही मिटली आणि बारा पोत्यांवरून नजर फिरवली. टाचणीला त्याचा अर्थ कळला.

"परत मोजायचं," ती म्हणाली. "सगळं. पहिल्यापासून. बारा पोती, प्रत्येकाचं दहादा."

गादीनं असा आवाज काढला की भांडारातलं कबूतर उडालं.

शुक्रवारी सकाळी आठला मोजायला बसले तेव्हा टेबलाशी जागा पुरेना. मामा रबरी मोजे घालून आधीच हजर. त्यांच्या समोरचे दाणे दहा-दहाच्या रांगांत! साहेबही आले. "अर्धा तासच हं," म्हणाले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. चिमटा आता एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता, आणि नदीकाठचे जाडे दाणे खळग्यात बसायचं नावच घेत नव्हते. चारपर्यंत सगळ्यांच्या पाठी धनुष्यासारख्या वाकल्या. फक्त आकडा सांगायचा आणि पुढचे शंभर घ्यायचे.

"कचऱ्याचं मैदान, एकोणीस!"

"वाळू, सत्तावीस!"

"नदीकाठ..." टाचणीनं काट्याकडे दोनदा पाहिलं. "एक्कावन्न!"

शनिवारी समिती आली. तीन माणसं, त्यांतल्या प्रमुख बाई सगळ्यात वयस्कर. सकाळपासून चार खोल्या बघून त्यांचे पाय दुखत असावेत, कारण त्या आल्या आल्या स्टुलावर बसल्या. टेबलावर दाण्यांच्या बारा ढिगल्या ओळीनं मांडल्या होत्या, बारीकपासून जाडापर्यंत, प्रत्येकीसमोर तिचं वजन. बाईंनी पहिल्या ढिगलीतला एक दाणा आणि शेवटच्या ढिगलीतला एक दाणा उचलून तळहातावर शेजारी शेजारी ठेवले.

"एकच झाड?"

"एकच जात," आत्या म्हणाली. "बारा जागा."

"हे एवढेसे का आणि हे एवढे का? माती? पाणी? की वंशातच आहे?"

"अजून माहीत नाही. पोती वेगळी राहिली तर या वर्षी एकाच वाफ्यात शेजारी शेजारी पेरेन. मग कळेल."

"एका पोत्यात ओतायची सूचना होती ना?" बाईंनी साहेबांकडे पाहिलं.

"सूचना मागे घेतली," साहेब घाईघाईनं म्हणाले. "मी स्वतः मोजलंय. सातशे दाणे."

बाईंनी कागदावर सही केली. खोली राहिली! बाराही पोती राहिली! काका नाचणार होता, पण टाचणीनं त्याच्या पायावर पाय दिला.

"आणि बाकीचे कुणी मोजले?" बाईंनी विचारलं.

"यांनी," आत्या म्हणाली आणि प्लास्टरच्या हातानंच तिघांकडे बोट दाखवलं. "दोनदा. पहिल्यांदाही बरोबरच मोजलं होतं, पण दाणेच चुकून चाळले गेले होते, हे यांनीच शोधलं. तेव्हा मी यांच्यावर विश्वास ठेवला नाही, तेही लिहून घ्या."

"ते कुठे लिहू?" सोबतचे गृहस्थ गोंधळले.

"लिहा कुठेही," बाई म्हणाल्या. त्यांनी तिघांकडे नीट पाहिलं. सुजलेले डोळे, सुरकुतलेली बोटं, गादीच्या गालावर बाहीचा वळ. "मुलांनो, चाळीस वर्षांत मी पुष्कळ आकडे पाहिले. चुकीचा आकडा शोधणारे भेटतात. आकडा बरोबर आहे आणि तरीही काहीतरी चुकलंय, हे ओळखणारे फार थोडे. शाबास!"

टाचणीला काहीतरी चटपटीत बोलायचं होतं. जमलंच नाही. तिनं नुसती मान हलवली.

बाई गेल्या. आत्या टाचणीच्या शेजारी येऊन बसली आणि चांगल्या हातानं तिला जवळ ओढलं. दोघी तशाच बसून राहिल्या, समोरच्या बारा ढिगल्यांकडे बघत.